परतूरला गाडी थांबते

जालना,
१८ मे २०२६

आत्याबाई, तुमच्या पाया पडते.

सुनेचं पत्र आलं म्हणून दचकू नका. सासूला कागद लिहायची वेळ येईल असं मलाबी वाटलं नव्हतं. पण फोनवर बोलायची चोरी झाली. तुमचा फोन तुमच्या लेकाच्या, अंगदच्या हातात, आन् मी जे बोलते ते तो रेकॉर्ड करतो. मागं मी "पोरगं जेवलं का" एवढंच विचारताना जरा चिडले, तर त्याच्या वकिलानं ते कोर्टात वाजवून दाखवलं. बाई भांडखोर आहे म्हणे! म्हणून हे पत्र तुमच्या शेजारच्या उषाबाईच्या पत्त्यावर टाकते. अक्षर मोठं काढलंय. पोथी वाचता तसं सावकाश वाचा. चष्म्याची काडी तुटलेलीच असंल तर उषाबाईकडून वाचून घ्या, ती पोटात ठेवील. शुद्ध लिहायला बसले की हात अडकतो, म्हणून बोलते तसंच लिहून राह्यले.

काल माऊलीला सोडलं. जालन्याच्या बसस्टँडवर, पोलीस चौकीसमोर, कोर्टानं सांगितलं तसं. घरात तुम्हाला कोण काय सांगतंय मला माहीत न्हाई, म्हणून हुकूम लिहून देते. घटस्फोटाचा निकाल लागेपर्यंत पोरगं आईजवळ. उन्हाळी सुट्टीत तीन हप्ते बापाजवळ. आन् कोर्टाला विचारल्याबिगर दोघांपैकी कोणीच त्याला जिल्ह्याबाहेर न्यायचं न्हाई. ७ जूनच्या रविवारी तुमच्या लेकानं त्याला त्याच चौकीसमोर परत आणायचं.

तुमचा लेक आल्या आल्याच म्हणला, "हैदराबादला न्यायची परवानगी मागितलीस म्हणं? पोरगं तिकडं तेलगू बोलंल. मंग मला काय म्हणंल?"

मी म्हणले, "पप्पाच म्हणंल. तेलगूत बाप बदलत न्हाई."

"तूच सांगायचीस ना, कोंब फुटलेलं बी हलवू न्हाई म्हणून?"

आता मी बियाण्याच्या कंपनीत, लॅबमधे दिवसभर ओल्या कागदातले कोंबच मोजते, म्हणून त्यानं हा टोला मारला. मीबी कशाला सोडते! "मिरचीचं रोप उचलून लावल्याबिगर मिरची लागती का? मिरचीच्या गावची, धावड्याची आहे मी, मला शिकवू नको." आजूबाजूचे चार लोक हसले. तो हसला न्हाई. खाली वाकून माझ्या कानापाशी म्हणला, "असा घेऊन जाईन, की तुला थांगपत्ता लागणार न्हाई." आन् सरळ होऊन, जसं काही झालंच न्हाई असा, माऊलीचा हात धरून आष्टीच्या गाडीत चढला.

 तुम्ही त्याची आई आहात. तो बोलतो ते करतो का, हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक? मला नोकरी करायची म्हणून त्यानं तांब्या फेकला तेव्हा तुम्हीच मधे पडल्या. तो तुमच्या मनगटावर बसला, आन् सूज उतरेस्तोवर तुम्ही डाव्या हातानं भाकरी थापली. त्याच हाताच्या भरवशावर हे पत्र लिहिते. माऊलीवर नजर ठेवा.

अजून एक. माऊली चपला लपवतो. माझ्याकडून तुमच्याकडं जायची वेळ आली की चपला गायब. एकदा पिठाच्या डब्यात सापडल्या, एकदा गॅसच्या टाकीमागं. तुमच्याकडून निघतानाबी असंच करत असंल. मारू नका, हसून काढून द्या.

हैदराबादचं अजून पक्कं न्हाई. नुसता अर्ज टाकलाय. तुम्ही जिवाला लावून घेऊ नका.

तुमची
तृप्ती

*

जालना,
२५ मे २०२६

आत्याबाई,

तुमचं उत्तर न्हाई. उत्तर येईल असं धरलंबी नव्हतं, पण पोस्टमन दारावरून गेला की काळीज हलतं.

मागल्या पत्रात मी खोटं लिहिलं. हैदराबाद पक्कं आहे. आमची इथली लॅब बंद होऊन राह्यली, सगळं काम तिकडं चाललंय. आमच्यातल्या काहीजणींनाच कंपनीनं बोलावलं, त्यात मी आहे. राहायला खोली, जवळ शाळा. जुलैपासून हजर व्हायचं. न्हाई म्हणलं तर नोकरी गेली, आन् नोकरी गेली की तुमच्या लेकाचा वकील उभा राहून म्हणणारच, हिच्याकडं पोराला पोसायची ऐपत न्हाई. पुढं आड, मागं विहीर. तुम्हाला कळलं तर तुम्ही रडाल आन् घरात बोलून जाल, म्हणून लपवलं. आता लपवायला काय राह्यलं?

उषाबाईचा फोन आल्ता. ती म्हणली, सुरतेहून बद्रीनाथ आलाय, तुमच्या लेकाचा मावसभाऊ. दोघं ओट्यावर बसून बोलत होते. तिकडं एक शाळा आहे म्हणं, पोरं तिथंच राहतात, आठवडाभर भेटायलाबी सोडत न्हाईत. खरं आहे का हे? तुम्ही त्या ओट्यामागच्या खोलीत भाकरी करता. तुम्ही ऐकलं असंल. आत्याबाई, तुम्हीबी त्यात आहात का?

हे वाक्य खोडायला पाह्यलं, पण न्हाई खोडत. मला खरंच विचारायचंय.

मी वकिलाकडं गेल्ते. राजानंद वकील म्हणले, "ताई, कोर्टाला सुट्टी आहे. आपल्या परवानगीच्या अर्जाची तारीख दहा जूनला लागलीय. नुसत्या ऐकीव गोष्टीवर आज काय होणार? शांत राहा." शांत राहा! ज्याचं पोरगं घरात झोपलेलं असतं, त्याला शांत राहा म्हणायला काय जातं?

परवा व्हिडीओवर माऊली दिसला. विचारलं, आंबा खाल्ला का रे? त्यानं आधी बाजूला पाह्यलं. कोणीतरी मान हलवली असंल, मंग म्हणला, "हौ." जेवला का? परत बाजूला पाह्यलं. सात वर्षाचं लेकरू, जेवला का न्हाई हे सांगायला कोणाची परवानगी लागते त्याला?

मला भीती वाटून राह्यली. सरळ सांगते. जेवताना, बोलताना, रस्ता ओलांडताना, सारखी. लॅबमधे मोजणी चुकली म्हणून साहेबांनी हाक मारली, तर मी उभ्या उभ्या रडले.

तुमची
तृप्ती

*

धावडा,
२९ मे २०२६

आत्याबाई,

आमच्या बाबांनी काय केलं ते तुमच्या कानावर आलंच असंल. मी आज माहेरी आले तेव्हा मला कळलं. बघा, घरात केस चालू, वकिलाची फी चालू, आन् रखमाजी पाटलांनी फोन उचलून जावयाला धोंडे जेवायला बोलावलं!

मी बाबांवर अशी ओरडले की शेजारची माणसं बाहेर आली. बाबा खाटेवरून उठले न्हाईत. म्हणले, "केस केसच्या जागी. जजसाहेबांची सही होईस्तोवर तो माझा जावई हाय. धोंड्याचा महिना तीन वर्साला येतो. जावयाला वाढलं न्हाई तर ते लेकीच्या लेकराला लागतं. तुला न्हाई पटत, मला पटतं."

"बाबा, तो पोरगं पळवायला बसलाय!"

"म्हणूनच. पाटावर बसून खाल्लेल्या अन्नाला माणूस जागतो."

काय बोलावं? त्यांनाबी माऊलीचीच काळजी. त्यांच्या भीतीनं धोंडे उकडायला घेतले, माझ्या भीतीला झोप न्हाई, एवढाच फरक. राजानंद वकिलांना फोन केला तर ते कपाळ बडवायचेच बाकी होते. "ताई, समोरचा म्हणंल दिलजमाई झाली!" पण बोलावणं गेलं ते गेलं. आता मोडलं तर जावयाला दारातून परत लावलं म्हणून गावभर होईल.

आन् तुमचा लेक येतो म्हणला. मला वाटलं तो तोंडावर न्हाई म्हणंल. उषाबाईनं सांगितलं, तुम्हीच त्याला म्हणल्या, "धोंड्याला न्हाई म्हणू न्हाई, सासऱ्याचं अन्न हाय." तुम्ही तुमची रीत पाळली, बाबांनी त्यांची. मधल्या मधे मी.

पण रविवारी माऊली येणार. त्याला बघणार मी. आईनं डाळ भिजत घातली. भावाची, भुजंगची जीप त्या दिवशी पुढं लावायची का मागल्या दारानं, यावरून सकाळपासून बोलणं चालू आहे. ते जाऊ द्या, ते तुम्हाला कशाला सांगू.

त्याला डोक्यावर टोपी घालून पाठवा. ऊन फार आहे.

तृप्ती

*

जालना,
२ जून २०२६

आत्याबाई,

तुमच्या लेकानं घरी येऊन काय सांगितलं मला माहीत न्हाई. मी माझं सांगते, आन् काही लपवत न्हाई.

तो आला तेव्हा माऊलीच्या पायात काही नव्हतं. अनवाणी. मी म्हणले, चपला कुठं? तुमचा लेक म्हणला, "सापडल्याच न्हाईत. बस निघाल्ती." म्हणजे तुमच्या घरात कुठंतरी त्यानं लपवल्यात. बघा जरा, ज्वारीच्या कोठीत बघा.

आईनं दोन पाट मांडले. जोडीनं बसायचं असतं. मी म्हणले मी न्हाई बसत, तर आईच्या डोळ्यात पाणी. बसले. लग्नात बसले होते तशी, डाव्या बाजूला. त्याचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागू न्हाई म्हणून मी अंग चोरून बसले, तर तोबी अंग चोरूनच बसला होता. आईनं ओवाळलं. बाबांनी चांदीचा दिवा दिला. भुजंगच्या बायकोनं, शीतलनं, फोटो काढला. भोळी आहे ती. "जावईबापूंना धोंडे" असं लिहून तिनं तो स्टेटसला ठेवला. तास दोन तासांत आम्ही काढायला लावला, पण तोवर सगळ्या सोयऱ्यांनी पाह्यला होता.

आता खरं सांगते. जीप मागल्या दारानंच लावली होती. धावड्यापासून जिल्ह्याची हद्द किती जवळ ते तुम्हाला ठाऊक आहे. ठरलं होतं की तो जेवायला बसला की मी तूप आणते म्हणून उठायचं, माऊलीला घ्यायचं, आन् भुजंगनं गाडी बुलढाण्याकडं काढायची. कोर्टाचा हुकूम मोडायचा. पुढं काय, ते कोणीच ठरवलं नव्हतं. भीतीला पुढचं दिसत न्हाई.

तूप आणते म्हणून उठले. माऊलीचा हात धरला आन् मागच्या अंगणात आले. भर दुपार. फरशी अशी तापलेली की माझ्या चपलेतून चटका लागत होता, आन् मी त्याला ओढून राह्यले. तो टाचा उचलून, पायाच्या बोटांवर पळून राह्यला. ओठ गच्च दाबलेले. हूं न्हाई का चूं न्हाई. भुजंगनं जीपचं दार उघडलं. तेव्हा माऊलीनं माझ्याकडं वर पाह्यलं आन् हळूच विचारलं, "आई, इथं रडलं तर चालतं का?"

आत्याबाई, मी तिथंच खाली बसले. त्याचे तळपाय हातात घेतले. लाल झाले होते. त्याला उचललं, आत नेलं, माठातलं पाणी पायावर ओतलं. तेव्हा तो रडला. असा रडला की बाबा काठी टेकत उठले.

तुमचा लेक घास हातात धरून बसलेला. मागचं दार उघडं, त्यातून जीप दिसून राह्यली, तिचं दारबी उघडं. त्याला सगळं समजलं. मला वाटलं आता ताट फेकतो. त्यानं घास ताटात ठेवला आन् म्हणला, "मला वाटलं मी एकलाच." मंग सांगितलं. बद्रीनाथ भोकरदनला गाडी घेऊन थांबला होता. धोंडे खाऊन परस्पर सुरत.

बाबा दोघांकडं बघत राह्यले. म्हणले, "तुम्ही दोघंबी त्या लेकराच्याच ताटातलं ओढून खाता व्हय रे?" मला याचा अर्थ नीट कळला न्हाई, पण मान वर करवली न्हाई.

आन् मी माऊलीला परत तुमच्या लेकाबरोबर जाऊ दिलं. सात तारखेपर्यंत त्याचा हक्क आहे म्हणून, का त्या पायांकडं बघून, मला सांगता येत न्हाई. गाडी नजरेआड झाली आन् वाटलं, आपल्या हातानं घालवलं पोराला. संध्याकाळी व्हिडीओवर त्याच्या मागं तुमची देवळी दिसली, तेव्हा जीव भांड्यात पडला. पण सुरत काही कुठं गेली न्हाई. बद्रीनाथबी न्हाई. सात तारीख जवळ आली, आत्याबाई. त्याला आणायला लावा.

तृप्ती

*

जालना,
७ जून २०२६

आत्याबाई,

आणलं न्हाई.

सकाळपासून चौकीसमोर उभी होते. आष्टीची एक एक गाडी आली, परतूरची आली, मी प्रत्येक गाडीच्या दारात जाऊन उभी राह्यले. कंडक्टर ओळखायला लागले मला. तुमच्या लेकाचा फोन बंद. चौकीतला हवालदार म्हणला, "बापाजवळच हाय ना पोरगं? मंग कामून घाबरता?" मी हुकमाचा कागद दाखवला. त्यानं वाचला, घडी करून परत दिला. "उद्या या, साहेब असतील."

वकिलाकडं अजून एक कागद येऊन पडलाय. तुमच्या लेकाच्या वकिलानं आमच्या अर्जाला उत्तर दिलंय. त्याला शीतलनं काढलेला तो फोटो लावलाय, दोन पाट, मी आन् तो, कपाळाला कुंकू. नवराबायकोची दिलजमाई झाली म्हणं, बाईला हैदराबादला जायचं कारणच उरलं न्हाई, अर्ज फेटाळावा. धोंड्याचे पाट मांडले बाबांनी आन् त्याच पाटावरून माझं पोरगं जाऊन राह्यलं.

हे पत्र पोस्टानं पोचेस्तोवर काय व्हायचं ते होऊन जाईल. म्हणून याचा फोटो काढून उषाबाईच्या मोबाईलवर पाठवते. ती तुम्हाला वाचून दाखवील.

माऊली घरात आहे का? एवढंच सांगा. जिवंत माणसाचं घर मोकळं दिसतं तेव्हा कसं होतं, ते माझ्या खोलीत येऊन बघा. त्याचं दप्तर खुंटीला आहे. मी त्याच्याकडं पाठ करून बसले, मला बघवत न्हाई.

तुमचा लेक आहे तो, मला माहीत आहे. नातू गेला तर तुमचं अंगण सुनं होईल, तेबी माहीत आहे. मी तुम्हाला तुमच्या लेकाच्या विरुद्ध जा म्हणत न्हाई. न्हाई, खोटं कशाला बोलू? तेच म्हणून राह्यले. हात जोडते. बुधवारी दहा तारखेला कोर्ट आहे. माझं लेकरू मला दाखवा.

तृप्ती

*

जालना,
११ जून २०२६

आत्याबाई,

तुमचंच तुम्हाला काय सांगायचं, पण मला कोर्टाच्या पायऱ्यांवरून काय दिसलं ते तुम्हाला ठाऊक न्हाई.

नऊवारीचा पदर डोक्यावर, एका हातात पिशवी, आन् दुसऱ्या हातात माऊली. त्याच्या पायात उषाबाईच्या नातवाच्या चपला, दोन बोटं मोठ्या, फटक फटक वाजून राह्यलेल्या. तुम्ही जन्मात एकट्या परतूरच्या पुढं गेल्या न्हाईत. दोन गाड्या बदलून, विचारत विचारत जालन्याच्या कोर्टापर्यंत आल्या. मी पळत आले तर तुम्ही माझ्याकडं पाह्यलंबी न्हाई. माऊलीचा हात माझ्या हातात दिला आन् म्हणल्या, "पकड. मला पाणी प्यायचंय."

तुमचा लेक मागून आला, घामानं डबडबलेला. तुम्ही त्याला देवळात जाते म्हणून सांगून निघाल्या होत्या, हे मला नंतर कळलं.

आत त्याच्या वकिलानं फोटो पुढं केला. जज मॅडमनी मला विचारलं, हे खरं आहे का? मी आपल्या वकिलाकडं पाह्यलं. राजानंद वकील बोलायला उठले, तोच मागून तुमचा आवाज आला. शिपाई गप बसा म्हणत होता. मॅडमनी त्याला थांबवलं आन् तुम्हाला पुढं बोलावलं. तुम्ही म्हणल्या,

"बाईसाहेब, मीच पाठवलं व्हतं त्याला. धोंड्याच्या महिन्यात जावई पाटावर बसतोच. बायकोबी बसती. तेवढ्यानं नांदणं व्हत असतं, तर माझा जनम सुखात गेला असता. माझा मालक दर धोंड्याला माझ्या माहेरी पाटावर बसला, चांदीचं ताट घेऊन आला, आन् घरी आल्यावर मला त्याच ताटानं मारलं. फोटोत ते येत न्हाई."

 तुमच्या लेकानं मान खाली घातली. त्याला हे ठाऊक होतं का, आत्याबाई? त्यानं लहानपणी पाह्यलं होतं का? त्याच्या चेहऱ्याकडं बघून मला वाटलं, पाह्यलं असंल.

मॅडम म्हणल्या, "मग मुलगा आईबरोबर जावा असं तुमचं म्हणणं आहे?"

तुम्ही डोक्यावरचा पदर सारखा केला. मंग म्हणल्या, "माझं म्हणणं न्हाई. माझं म्हणणं त्यानं माझ्या डोळ्यापुढं राहावं. पण माझ्या घरात त्यो कोठीत चपला लपवून राह्यला, आन् झोपेत उठून बसून राह्यला. मी काय म्हणू?"

पुढचं तुम्ही ऐकलंच. मॅडम माऊलीशी आत एकट्याच बोलल्या. तो काय म्हणला ते कोणालाच ठाऊक न्हाई, मीबी त्याला विचारलं न्हाई, विचारणारबी न्हाई. परवानगी मिळाली. दिवाळीची आन् उन्हाळ्याची अर्धी सुट्टी तुमच्याकडं, रोज संध्याकाळी बापाशी व्हिडीओ, पत्ता बदलला तर कोर्टाला कळवायचं. सात तारखेचा हुकूम मोडला म्हणून तुमच्या लेकाला बोलणी बसली. मला वाटलं होतं, त्याला बोलणी बसताना माझ्या काळजाला थंडावा मिळंल. न्हाई मिळाला. तो बाहेर बाकावर बसला होता, पाण्याची बाटली हातात, टोपण उघडायचं विसरलेला. मी घाबरते तेव्हा अशीच बसते.

मी चहाला चला म्हणले. तुम्ही आल्या न्हाईत. "गाडी हाय" म्हणल्या आन् निघाल्या. मला माहीत आहे, तुम्ही माझ्यावर उपकार केले आन् त्यासाठी मला माफबी केलं न्हाई. तुमचं बराबर आहे.

आम्ही सत्तावीस तारखेला, शनिवारी सकाळच्या रेल्वेगाडीनं निघतो. नांदेडला गाडी बदलायची. परतूरला गाडी थांबते. दोनच मिनिटं, पण थांबते. तुम्ही या. माऊलीला खिडकीतून बघा. पण एकट्या या, आत्याबाई. तुम्हाला हात जोडून सांगते, एकट्या या.

तृप्ती

*

हैदराबाद,
२८ जून २०२६

आत्याबाई,

पोचलो. खोली बरी आहे. पाणी येतं. शाळेत नाव घातलं की कळवते.

मी हे लिहायला बसले ते पोचल्याचं सांगायला न्हाई.

परतूर जवळ आलं तसं मी पर्स छातीशी धरली. आत मॅडमच्या सहीचा परवानगीचा कागद, तरी भीती गेली न्हाई. तुम्ही एकट्याच याल असं मनाला सांगून राह्यले होते. गाडी हळू झाली आन् मला तुमचा पदर दिसला. मी माऊलीला उठवणारच होते. तोच तुमच्या पुढं तो दिसला. तुमचा लेक. गाडीसोबत पळत, प्रत्येक खिडकीत डोकावून बघून राह्यला होता. तोंडानं "माऊली, माऊली" चालू.

मला एकच आठवलं. "असा घेऊन जाईन." कान भरून ते एकच. मी खिडकीचं शटर खाली ओढलं. माऊली वरच्या बर्थवर होता. त्याच्या अंगावर डोक्यापासून चादर ओढली, आन् वर हात करून त्याला दाबून धरलं. समोरच्या बाई माझ्याकडं बघत राह्यल्या. मनात तुम्हाला शिव्या घातल्या, आत्याबाई. म्हणले, शेवटी आई ती आई, सांगितलंच लेकाला. माझ्या तोंडून देवाचं नावबी निघंना.

तो आमच्या खिडकीशी आला. शटरवर हात मारला. आतलं त्याला दिसत नव्हतं, मला फटीतून तो दिसत होता. बाहेर उजेड होता ना. दाढी वाढलेली. एका हातानं शटर वाजवून राह्यला.  गाडी हलली. तो परत पळायला लागला, आन् त्यानं दुसरा हात वर केला. तेव्हा मला दिसलं.

त्याच्या हातात माऊलीच्या चपला होत्या.

निळ्या पट्ट्याच्या, ज्वारीच्या कोठीतल्या. धुऊन आणल्या होत्या. तो त्या वर धरून दाखवून राह्यला, चपला, चपला. मी खिडकीला हात घातला, ती अडकली. जोर लावला, निघाली, तोवर फलाट संपून गेला. फलाटाच्या टोकाला तो उभा होता. तुम्ही मागं लांब होत्या, हळूहळू चालत येऊन राह्यल्या होत्या. मी हात हलवला. त्याला दिसला का न्हाई, मला माहीत न्हाई. दिसला का? त्याला विचाराल का?

चादरीतून माऊली म्हणला, "आई, पप्पा गेले का?" तो झोपलाच नव्हता. सगळं ऐकत पडला होता. त्याला पप्पा जायला हवे होते का थांबायला हवे होते, मला त्याच्या आवाजावरून कळलं न्हाई. मी आई आहे, मला कळायला पाहिजे होतं. मी म्हणले, "हौ, गेले." तो भिंतीकडं तोंड करून पडला. 

नांदेडला स्टेशनाबाहेर त्याला नवीन चपला घेतल्या. त्या त्यानं घातल्या. अजून लपवल्या न्हाईत. मी सारखी दाराशी जाऊन बघते, आहेत का.

दिवाळीला मी त्याला पाठवते. मी स्वतः आणून सोडीन, आष्टीपर्यंत, तुमच्या ओट्यापर्यंत. मला भीती वाटंल. आज वाटते तेवढीच वाटंल, कदाचित जास्त. तरी आणीन.

माऊलीच्या पप्पाला सांगा, त्या चपला पोस्टानं पाठवू नका. तिथंच राहू द्या, तुमच्या दारात. दिवाळीपर्यंत त्याचा पाय वाढंल, त्याला बसणार न्हाईत. तरी असू द्या.

तुमची
तृप्ती